खाली अंगठा नाही

ता. ३ जून

मुंगे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहायला मला सवड नाही. पुढ्यात चादरींचा ढीग पडलाय, इस्त्री तापेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

तुझं पत्र आलं. चार पानं, आणि चारही पानांत एकच रडगाणं. कारखान्यात मशीनची सुई तुटली. तीन तुकडे झाले. तिन्ही सापडले. तुझं कामच ते, म्हणून तू ते जोडून बघितलेस, अख्खी सुई झाली, चिकटपट्टी लावून रजिस्टरात डकवलीस. तो तान्ह्या बाळाचा कोट सुया पकडणाऱ्या यंत्रातून गेला, यंत्र बोंबललं नाही. मग हा चौथा तुकडा कुठून काढलास? सुई व्याली की काय?

बरं. तुला हवंय तसं लिहिते. काही झालेलं नाही. कुठल्याही लेकराला सुई टोचलेली नाही. तू वाईट नाहीस. काही झालेलं नाही. कुठल्याही लेकराला सुई टोचलेली नाही. तू वाईट नाहीस. अजून एकदा हवंय ना? काही झालेलं नाही. कुठल्याही लेकराला सुई टोचलेली नाही. तू वाईट नाहीस. झालं तीनदा. इस्त्री कधीची तापून बसलीये.

आणि फोनवर का बोलत नाहीस गं? फोनवरचं उडून जातं म्हणे, कागदावरचं पुन्हा बघता येतं. जग फोनवर लग्नं जमवतंय आणि आमची बाई टपालपेटी शोधतेय.

अंगठ्याचं मात्र मला लागलं. "सही कुणीही करेल, अंगठा तुझाच असेल." मी चौथी पास आहे, सही करते, अंगठेबहाद्दर नाही. तरी उठवला. शेजारच्या किल्लीवाल्याकडून शिक्क्याच्या शाईची डबी मागून आणली. तो विचारत होता, ताई, जमीन विकताय का? शेवटी भाचीच्या धीरासाठी म्हणून सांगावं लागलं.

तुझ्या खोलीत राहते ती पॅकिंगवाली तुझ्या वस्तूंना हात लावत नाही ना? फारच गोड बोलते ती. म्हणून विचारते.

मावशी
(खाली अंगठा)


ता. १२ जून

मावशी,

पत्र मिळालं. अंगठा छान उठलाय, मधला भोवरासुद्धा दिसतो. पत्र पिशवीत घालून कामावर नेते. दोन दिवस फार बरं वाटलं. आता शाई पुसट झालीये, बहुतेक माझ्याच बोटांनी. पुढच्या पत्रात जरा दाबून उठवशील?

पॅकिंगवाली चांगली आहे गं. तीच म्हणाली, कुणाला तरी दाखव. कारखान्याच्या दवाखान्यातून एका सरांचं नाव मिळालं. पांढरी दाढी, मऊ आवाज. दर बुधवारी पाऊण तास. औषध देत नाहीत, बोलायला लावतात. ते म्हणतात, तुझा प्रश्न सुईचा नाहीच. आई गेली तेव्हा तुला कुणी रडू दिलं नाही, गाठ तिथे आहे. मावशी, मला रडू दिलं नव्हतं का?

काम व्यवस्थित चाललंय. काळजी करू नकोस.

तुझी मुंगी


ता. २० जून

मुंगे,

"काम व्यवस्थित चाललंय" हे वाक्य तू जन्मात कधी लिहिलं नाहीस. म्हणजे काहीतरी शिजतंय. काय ते सांग.

रडू दिलं नव्हतं! सात वर्षांची होतीस. माझ्या मांडीवर तीन दिवस रडत होतीस, माझी एकुलती एक धड साडी नाक पुसून पुसून वाळत घालायच्या लायकीची ठेवली नव्हतीस. त्या दाढीला सांग, मी साक्षीला येते. आई नसलेली पोर समोर बसली की या लोकांना बाकी काही दिसतच नाही. मी विचारते, त्याने तुला एकदा तरी विचारलं का, की दिवसातून किती वेळा ते रजिस्टर उघडतेस? किती वेळा ते तुकडे मोजतेस? नाही ना? पाय मोडलेल्या माणसाचा पाय बघायचा सोडून त्याच्या आईची चौकशी करणारा हा कसला वैद्य? आणि पाऊण तास दार लावून बसतो की उघडं ठेवून? उघडं ठेवायला सांग.

आपल्यात याला मंत्रचळ म्हणतात, एवढं मलाही कळतं. माझ्या सासूची आते दाराची कडी सतरा वेळा बघायची. सगळे हसायचे. ती कशी संपली ते कुणी सांगत नाही. म्हणून मी हसत नाही.

काही झालेलं नाही. कुठल्याही लेकराला सुई टोचलेली नाही. तू वाईट नाहीस. खाली आणखी दोनदा लिहिलंय, आणि अंगठा एवढा दाबलाय की कागदामागून दिसतो.

मावशी


ता. ८ जुलै

मावशी,

रागावू नकोस. एक गोष्ट लपवली होती.

मे महिन्यापासून मी पॅक झालेले खोके उघडत होते. आधी एक, मग सहा. सुट्टी झाल्यावर थांबायचे आणि पट्टी कापून एकेक कोट चाचपायचे. सुपरवायझर सगळ्यांसमोर माझं कौतुक करायचे, हिच्यासारखी काळजी कुणी घेत नाही म्हणून. त्यांनीच गेल्या आठवड्यात मला खोक्यात डोकं घालून बसलेली बघितलं. माल उशिरा गेला. आता मला दीड महिना घरी बसवलंय. परत गेल्यावर बांधलेल्या एकाही खोक्याची पट्टी कापली तर कायमची सुट्टी. मावशी, मला दुसरं काही येत नाही, आणि हे काम मला आवडतं.

दाढीवाले सर सोडले. आता दुसरे सर आहेत, तरुण, खूप उत्साही. त्यांनी मनगटात रबर घालायला दिलंय. विचार आला की ओढून सोडायचं. आणि रोज संध्याकाळी त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "शंभर टक्के काही झालेलं नाही." तुझ्यासारखंच. त्यांचं ऐकलं की तासभर बरं वाटतं. पण मनगट सुजलंय, आणि विचार काही घाबरत नाही रबराला.

अंगठा पाठव.

मुंगी


ता. १४ जुलै

मुंगे,

रबर आत्ताच्या आत्ता काप. पत्र नंतर वाच.

कापलंस? आता ऐक. खोक्यांचं तू मला आधी सांगायला हवं होतंस. तू लपवलंस, त्या सुपरवायझरने आधी डोक्यावर चढवलं आणि मग ढकललं, आणि त्या पॅकिंगवालीला हे सगळं माहीत असणार. ती बोलली नाही. बघ, मी म्हटलं नव्हतं?

मला शाळा कमी, पण कारागीर ओळखता येतो. इस्त्री बिघडली की मिस्त्रीला उघडू देण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. अशी इस्त्री याआधी किती दुरुस्त केलीस? आता नक्की काय करणार आहेस? आणि जमतंय की नाही हे मला किती दिवसांत कळेल? ज्याला येतं तो सरळ सांगतो. ज्याला येत नाही तो म्हणतो, ताई, विश्वास ठेवा. विश्वास ठेवा म्हणाला की मी इस्त्री उचलून चालू पडते. तुझ्या दोघांपैकी एकालाही तू हे विचारलं नाहीस. खुर्ची दिली की बसलीस आणि पाणी दिलं की प्यायलीस.

तिसरा शोध. पण आधी हे तीन विचार. जो "माणसाच्या मनाचं असं सांगता येत नाही" म्हणेल त्याला नमस्कार करून बाहेर ये.

काही झालेलं नाही. कुठल्याही लेकराला सुई टोचलेली नाही. तू वाईट नाहीस. यावेळी पाचदा लिहिलंय आणि दोन्ही अंगठे उठवलेत. डावा उगीच.

मावशी


ता. ३० जुलै

मावशी,

तिसऱ्या मिळाल्या. बाई आहेत, म्हणजे दाराचं तू विचारणार नाहीस. मी चिठ्ठीवर तुझे तीन प्रश्न लिहून नेले होते. वाचायला लागले तर म्हणाल्या, वा, हे कुणी शिकवलं? मग सरळ उत्तरं दिली. ओसीडीचीच, म्हणजे तुझ्या त्या मंत्रचळाचीच माणसं जास्त येतात, इतक्या वर्षांत दोनशेच्या वर बघितली. करायचं काय, तर ज्याची भीती वाटते तिथे थोडं थोडं जायचं, आणि तपासायचं नाही. पंधरा-वीस वेळांत फरक दिसायला हवा, नाही दिसला तर त्या स्वतःच दुसऱ्याकडे पाठवतील, औषधासाठीही. दिवसातून किती वेळा तपासतेस हे पहिल्याच दिवशी विचारलं. मी खोटं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता खरं सांग." मी सांगितलं.

कामाचा नियम पाळायचा, तुकडे जोडायचे, यंत्रातून माल काढायचा, सगळं एकदा. त्याच्या पलीकडे एकही नाही. आणि रोज एक वाक्य मोठ्याने वाचायचं: "कदाचित चौथा तुकडा असेल. मला कधीच कळणार नाही." पहिल्या दिवशी मला उलटी झाली. काल नाही झाली.

मावशी, आता जे लिहायचंय ते चार दिवस लिहवत नव्हतं. त्यांनी विचारलं, घरून कोण धीर देतं? मी तुझी पत्रं दाखवली. त्यांनी सगळी बघितली. म्हणाल्या, मावशींचा जीव आहे तुझ्यावर. आणि यापुढे ही तीन वाक्यं आणि अंगठा बंद करायला सांग. जुनी पत्रं पॅकिंगवालीकडे दिलीत. तिने कुलूप लावलंय.

मुंगी


ता. ५ ऑगस्ट

मुंगे,

वाचलं.

म्हणजे मीच आजार. छान. वीस वर्षं वाढवलं, आता पाऊण तासाच्या ओळखीची बाई सांगते, मावशीचा अंगठा नको. आणि माझी पत्रं त्या गोडबोलीच्या कुलपात! मी सुरुवातीपासून सांगत होते.

मला एक कळत नाही. डॉक्टर म्हणजे भीती घालवतो. ही भीती खायला घालते. पोटच्या पोरीला उलटी होईपर्यंत "तुकडा असेल, तुकडा असेल" म्हणायला लावेल का कुणी? माणसाला घरच्यांपासून तोडतात आणि मग हवं तसं वाकवतात, असली प्रकरणं मी ऐकलीत. तुझ्याकडून काही सह्या घेतल्या का? कसल्या कागदावर?

पुढचा आठवडाभर मी लिहिणार नाही. इकडे कामाची गर्दी आहे.

तीन वाक्यं लिहिली नाहीत. रागाने लिहिली नाहीत, त्या बाईने सांगितलं म्हणून नव्हे. तुला कळावं म्हणून सांगते.

मावशी


ता. १६ ऑगस्ट

मुंगे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. बसून वाच. गर्दी वगैरे काही नव्हती. मी तुझ्या गावात येऊन गेले.

तुला भेटले नाही, कारण तुला भेटायला आलेच नव्हते. त्या बाईला बघायला आले होते. पेशंट म्हणून नाव लावलं, खोटं. दीड तास बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघितली, कुणी रडत बाहेर येतंय का. एकजण रडत आला, पण बरा दिसत होता. त्याचं मला काही समजलं नाही.

आत गेले. म्हटलं, बाई, मला इस्त्रीचा मंत्रचळ आहे. दुकान बंद केलं की वाटतं इस्त्री चालूच राहिली, आग लागेल, शेजारचा किल्लीवाला जळून मरेल. हे सगळं मी बसमध्ये रचलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्ता इस्त्री बंद आहे?"

"आहे."

"नक्की?"

"म्हणजे काय, मीच केली बंद."

"आठवतंय बंद करताना?"

मुंगे, मला आठवेना! वीस वर्षं बटण बंद करतेय, त्या दिवशीचं बटण कसं आठवणार? मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर ना, सांगा की बंद असेल म्हणून. ती म्हणाली, "असेल, नसेल. मला कुठून माहीत?" मला असा संताप आला. धीराचे दोन शब्द नाहीत! मी म्हटलं, ठीक आहे, आणि माझ्या भाचीचं काय चाललंय ते सांगा. लगेच म्हणाली, "तुमच्या कुठल्याही भाचीबद्दल मी अवाक्षर बोलणार नाही. माझ्याकडे येते की नाही तेही नाही." आणि माझ्या अंगठ्याकडे बघितलं. नखाच्या कोपऱ्यात जांभळी शाई होती अजून. दोनदा बघितलं. पक्की आहे. तेवढं मला आवडलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही.

खरी गंमत पुढे. चार तासांचा बसचा रस्ता. पहिला तास तिला शिव्या देण्यात गेला. मग डोक्यात आलं, इस्त्री खरंच बंद केली का गं मी? किल्लीवाल्याकडे दुसरी किल्ली असते. फोन केला. तो शटर उघडून आत गेला, म्हणाला, ताई, बंद आहे. जीव भांड्यात पडला. एक टोलनाका गेला असेल नसेल, मनात आलं, माझ्याकडे दोन इस्त्र्या आहेत, याने कुठली बघितली? पुन्हा फोन. दोन्ही बंद. अर्धा तास बरा गेला. मग वाटलं, आत गेला तेव्हा त्याचाच धक्का लागून बटण चालू तर नाही ना झालं? तिसरा फोन. तो म्हणाला,

"ताई, आता अंगठा उठवून पाठवू का?"

मी फोन ठेवला. पुढचे अडीच तास खिडकीबाहेर बघत बसले. पुन्हा फोन केला नाही. मुंगे, चार वेळा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. हाताला घाम. आणि शेवटच्या थांब्याजवळ आपोआप कमी झालं. कुणी काही सांगितलं नव्हतं. दुकान होतं तिथेच होतं, पण ते नंतर कळलं.

मी तुझ्यासाठी सगळ्यांवर संशय घेतला. दाढीवर, रबरवाल्यावर, त्या बिचाऱ्या पॅकिंगवालीवर. जो दर पंधरा दिवसांनी पाकिटातून तुझ्याकडे येत होता, त्याच्यावर घ्यायचा राहिला.

तुला आता कळलं असेल की मी बाईला खोटं नाव सांगितलं. तिला सांगू नकोस. नाहीतर सांग. तिला माहीतच असणार.

मावशी


ता. २८ ऑगस्ट

मावशी,

तू आलीस आणि मला न भेटता गेलीस! त्याचं भांडण नंतर.

दहा दिवस झाले कामावर. आठ दिवस छान गेले. परवा पुन्हा सुई तुटली, तान्ह्या बाळांच्याच कोटावर. चार तुकडे. चारही मिळाले. जोडले, एकदा. डकवले. यंत्रातून माल गेला, एकदा. खोका बंद झाला. नियमात जे आहे ते सगळं केलं.

तो खोका गोदामात दाराजवळच आहे. ट्रक सहा तारखेला दुपारी बाराला निघणार. रोज दोनदा त्याच्यासमोरून जावं लागतं. काल मी कात्री खिशात घेऊन गेले होते. कापलं नाही. पण कात्री खिशात होती.

मॅडमना सांगितलं तर त्या तेच म्हणतील. मावशी, फक्त एकदा. तीनदा नको, एकदाच लिही. अंगठा लहान चालेल. सहा तारखेपर्यंत धरून ठेवायला काहीतरी हवंय. मॅडमना कळणार नाही.

मुंगी


ता. १ सप्टेंबर

मुंगे,

कागदाला वरच्या बाजूला भोक दिसतंय ना? लिहायला बसले आणि हाताने आपोआप ते वाक्य सुरू केलं. दीड शब्द झाला होता. खोडलं असतं तर तू उजेडात धरून वाचलं असतंस, मी तुला ओळखते. म्हणून तेवढा तुकडा कात्रीने कापला. चादरीची कात्री, म्हणून वाकडं झालंय.

तू सात वर्षांची असताना जे मागशील ते मला देता येत नव्हतं, आई तर नव्हतीच देता येत. हे मात्र देता येत होतं. दीड रेघ शाई आणि अंगठा. म्हणून मी देत सुटले. आज नाही देत. तुला वाटत असेल मावशी दगड झाली. वाटू दे. माझा हात बघ कसा शिवशिवतोय, तीन वेळा उठून डबीकडे गेले.

त्या खोक्यात तुकडा असेल. नसेल. मला माहीत नाही. तुलाही नाही. त्या बाईलाही नाही. ट्रक चालवणाऱ्याला तर नाहीच. नियमात होतं ते तू केलंस, हे मी सांगत नाहीये, तूच पत्रात लिहिलंयस.

कात्री पॅकिंगवालीकडे दे. तिला माझा नमस्कार सांग, आणि सांग की मावशी तोंडाने वाईट आहे. आणि ही जी चिठ्ठी मागितलीस ना, ते मॅडमना सांग. तू सांगितलंस तर ठीक, नाहीतर मी पुन्हा खोटं नाव लावून येईन.

धरून ठेवायला काहीतरी हवंय म्हणालीस. सहा तारखेला ट्रक निघायच्या वेळी मी इस्त्री बंद करीन, एकदा बघीन आणि पाठ फिरवीन. त्याच वेळी तू पाठ फिरव. दोघींना घाम येऊ दे.

डबी किल्लीवाल्याला परत केली. खाली अंगठा नाही. शोधू नकोस.

मावशी


ता. ९ सप्टेंबर

मावशी,

ट्रक गेला. पट्टी न कापता. घाम आला, तुला आला का? संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही, मग भूक लागली.

मॅडमना सगळं सांगितलं. तुझं खोटं नावसुद्धा. त्या खूप हसल्या.

तुझं पत्र एकदाच वाचलं. दोनदा. भोकातून बोट घालून बघितलं. कापलेल्या तुकड्याचं काय केलंस, ते विचारत नाही.

मुंगी